बोलेल तेव्हा बोलेल?

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातलं अल्लीपूर असो की पुण्याचं कोथरूड, तीन-चार वर्षांचं मूल बोलत नसेल तर घरात पहिला दाखला निघतो तो मामाचा. ‘बोलन ना थो, त्याचा मामाबी पाचव्या वर्सीच बोलला.’ कोथरूडमध्ये हेच प्रमाण मराठीत म्हणतात आणि मामाच्या जागी आइन्स्टाइन येतो, एवढाच फरक. मग वेखंड उगाळून चाटवतात, जिभेखालचा पडदा कुणाला तरी दाखवतात, नवस बोलतात. यात दोन-तीन वर्षं सरतात आणि मूल पहिलीच्या वर्गात येऊन बसतं. तिथे एखाद्या विशेष शिक्षकाने सुचवलं, की याला चित्रांचा आणि शब्दांचा तक्ता द्या, बोट ठेवून त्याला काय हवं-नको ते सांगता येईल, तर घर आणि शाळा एका सुरात म्हणतात : नको. त्याची सवय लागली तर पोरगं बोलायचंच सोडून देईल.

या मताचं खंडन करायचं, तर आधी ते त्याच्या पूर्ण ताकदीने मांडायला हवं. जुन्या शास्त्रार्थाची ती रीत चांगली होती. पूर्वपक्ष असा : बोलणं कष्टाचं काम आहे. ज्या मुलाच्या जिभेचा, ओठांचा आणि श्वासाचा मेळ बसत नाही, त्याला एकदा ‘आई’ म्हणायला जेवढा जोर लागतो तेवढ्यात पाच चित्रांवर बोट ठेवून होतं. माणूस सोपी वाट धरतो. सोपी वाट मिळाली की अवघड वाटेचा सराव सुटतो, आणि जिभेला वळण लागायचं वय काही थांबून राहत नाही. तेव्हा आधी बोलण्यासाठी सगळे उपाय करावेत. ते हरले तरच तक्ता. हे अडाण्यांचं मत आहे असं कुणी समजू नये. शिकलेसवरलेले डॉक्टर हे सांगत आले आहेत, आणि खुद्द वाचोपचाराच्या क्षेत्रातही तक्ता हा शेवटचा उपाय, ही समजूत दीर्घकाळ नांदली आहे. आईबापांच्या तोंडून ते येतं तेव्हा त्यामागे आळस नसतो. तक्ता घेतला म्हणजे आशा सोडली, अशी धास्ती असते.

तर्क नीटनेटका आहे. खरा आहे का, ते मात्र तपासावं लागतं, आणि तसं ते तपासलंही गेलं आहे. 2006 साली मिलर, लाइट आणि श्लॉसर या अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी 1975 ते 2003 या काळातले उपलब्ध अभ्यास एकत्र करून एकच प्रश्न विचारला : खुणा, चित्रं किंवा यंत्रं वापरायला शिकवल्यावर बोलण्याचं काय होतं? पुराव्याच्या कडक कसोटीला उतरलेले अभ्यास सहाच निघाले, त्यांत 27 व्यक्ती. त्या 27 पैकी एकाचंही बोलणं घटलेलं नव्हतं. 89 टक्के जणांचं वाढलं होतं, उरलेल्यांचं होतं तिथेच होतं. संख्या लहान आहे आणि बहुतेकांची वाढही माफकच होती. कुणी तक्ता हाती घेतला आणि महिनाभरात घडाघडा बोलू लागला, असं इथे कुणी म्हणत नाही. पण ‘बोलणं सुटेल’ या भीतीला आधार द्यायला त्या ढिगात एकही माणूस सापडला नाही. पुढे 2010 मध्ये मेरी अ‍ॅन रॉम्स्की आणि सहकाऱ्यांनी अजून दहा शब्दही न बोलणाऱ्या चिमुकल्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले. काहींना फक्त तोंडी बोलण्याचा सराव, काहींना त्याच्या जोडीला बोलणारं यंत्र. यंत्र मिळालेल्या मुलांचा शब्दसंग्रह बराच मोठा झाला आणि त्यांत तोंडाने उच्चारलेले शब्दही होते. नुसत्या तोंडी सरावाच्या गटाच्या हाती मोजकेच शब्द लागले.

असं का व्हावं? पूर्वपक्षाचं एक गृहीतक उलटं आहे. तक्ता ही सोपी वाट, असं त्यात धरलेलं आहे. प्रत्यक्षात तक्त्याइतकी अडचणीची वाट नाही. तो सोबत वागवावा लागतो, समोरच्याचं लक्ष वेधून घ्यावं लागतं, शब्द शोधावा लागतो, अंधारात आणि पाठमोऱ्या माणसाशी तो चालतच नाही. तोंड चालत असेल तर तोंडाइतकं जलद आणि फुकट साधन दुसरं नाही. ज्या पोराला ‘आई’ म्हणता येतं ते चुलीपाशी बसलेल्या आईला अंगणातून हाकच मारणार. चित्र घेऊन आत जाणार नाही. सोपी वाट धरायचा माणसाचा स्वभाव खरा मानला, तर तोच इथे बोलण्याच्या बाजूने साक्ष देतो. आणि रांगत्या मुलाला आपण ‘टाटा कर’, ‘चांदोबा कुठाय दाखव’ शिकवतोच की. बोट आधी येतं, शब्द मागून येतो. बोट दाखवायला शिकलं म्हणून कुणाचं बाळ मुकं राहिल्याचं ऐकिवात नाही.

आपला कायदा या बाबतीत आपल्या समजुतीच्या पुढे आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात संवादाची जी व्याख्या आहे तिच्यात ब्रेल, खाणाखुणांची भाषा, सोपी भाषा यांच्या जोडीने पूरक आणि पर्यायी संवादपद्धती स्पष्टपणे मोजल्या आहेत. शाळांविषयीच्या कलम 17 मध्ये त्यांच्या वापराला उत्तेजन देणं हे सरकारचं कामच ठरवलं आहे, आणि तेही माणसाच्या स्वतःच्या बोलण्याला पूरक म्हणून. बोलण्याच्या ऐवजी, असं तिथे लिहिलेलं नाही.

यावर कुणी म्हणेल, कायदा काही म्हणो, कागदावर बोट ठेवणं म्हणजे बोलणं नव्हे. हे निदान वर्धा जिल्ह्यात तरी म्हणू नये. 1936 मध्ये गांधीजी याच जिल्ह्यातल्या सेगावात राहायला आले, पुढे त्याचं सेवाग्राम झालं. सोमवार हा त्यांचा मौनाचा दिवस. त्या दिवशी ते चिठ्ठ्या लिहून कारभार चालवत. 2 जून 1947 हाही सोमवारच होता. फाळणीच्या योजनेवर माउंटबॅटन त्यांच्याशी बोलायला बसले, आणि गांधीजींनी उत्तरं दिली ती जुन्या पाकिटांच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून. गांधीजी त्या दिवशी काही बोलले नाहीत, सबब त्यांचं मत धरू नये, असं व्हाइसरॉयलासुद्धा वाटलं नाही. ते मौन निवडलेलं होतं आणि आपल्या मुलाचं लादलेलं आहे, हा फरक मला ठाऊक आहे. पण त्या फरकाने मुलाचा दावा वाढतो. ज्याला दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड उघडता येणार आहे त्याच्या चिठ्ठीला मान, आणि ज्याला कधीच येणार नाही त्याच्या तक्त्याला नकार, हा कुठला न्याय?

पूर्वपक्षाची दुसरी फळी जास्त चिवट आहे. ती म्हणते : ठीक आहे, तक्ता द्या, पण मुलाला समजायला तर पाहिजे. आधी ते एका जागी बसू दे, चित्र ओळखू दे, बुद्धी किती ते कळू दे, मग बघू. शाळेत हे मत घरापेक्षा जास्त आढळतं, कारण शाळेला तयारीची सवय आहे; आधी रेघोट्या, मग अक्षरं. पण बुद्धी मोजायची कशाने? बहुतेक चाचण्यांना तोंडाने किंवा हाताने उत्तर द्यावं लागतं. ज्याची दोन्ही दारं बंद, त्याचा निकाल चाचणीआधीच लागलेला असतो. संवादाचं साधन नाही म्हणून बुद्धी दिसत नाही, आणि बुद्धी दिसत नाही म्हणून साधन मिळत नाही. या चक्रात किती मुलांचं शालेय वय संपून गेलं असेल! अ‍ॅन डॉनेलन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी 1984 मध्ये अशा पेचासाठी एक कसोटी सुचवली : पक्की माहिती नसेल तेव्हा असं गृहीत धरावं, की जे चुकीचं ठरलं तरी मुलाचं सर्वांत कमी नुकसान होईल. मुलाला समजतं असं धरून तक्ता दिला आणि ते चुकलं, तर काही पुठ्ठे आणि थोडे तास वाया गेले. समजत नाही असं धरून दिला नाही आणि ते चुकलं, तर एक आयुष्य वाया गेलं. दोन चुकांची किंमत सारखी नाही.

ही दुसरी चूक टळली तर काय होतं, ते पाहायला महाराष्ट्राबाहेर जावं लागत नाही. मुंबईच्या मालिनी छिब यांना जन्मतः सेरेब्रल पाल्सी. शरीर ताब्यात नाही, बोलणं परक्याला समजायला कठीण. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी 1972 मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, तिच्या मुळाशी मुलीच्या शिक्षणाचाच प्रश्न होता. मालिनी एका बोटाने कळा दाबत शिकल्या, टंकलेलं मोठ्याने वाचून दाखवणारं यंत्र वापरू लागल्या, मुंबईच्या सेंट झेवियर्समधून पदवी आणि लंडनमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या, आणि 2010 साली ‘वन लिटिल फिंगर’ हे आत्मचरित्र त्याच एका बोटाने लिहून प्रसिद्ध केलं. 2014 च्या ‘मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ’ या चित्रपटाची प्रेरणा त्याच. यावर लगेच प्रत्युत्तर येतं, की ती घरंदाज, इंग्रजी बोलणारी मुंबई. आमच्याकडे कापूस आणि सोयाबीन. आक्षेप रास्त आहे. पण तो मुलाच्या कुवतीविषयीचा नाही, सोयीविषयीचा आहे. म्हणजे पूर्वपक्षाने आपली जागा गुपचूप बदलली.

तर सोयीचं पाहू. वाचोपचारासाठी अल्लीपूरहून वर्धा, सेवाग्राम नाहीतर थेट नागपूर गाठायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते, आणि तोंडी सरावाचा उपचार आठवड्यातून एकदा घेऊन भागत नाही. खरं तर हा युक्तिवाद ‘आधी बोलणं’ या मताच्याच अंगाशी येतो. महाग आणि दूरचा उपाय तो आहे, तक्ता नव्हे. तक्त्याला पुठ्ठा, स्केचपेन आणि वरून चिकटपट्टी लागते. फोन असेल तर मुंबईच्या आयआयटीतल्या आयडीसी डिझाइन स्कूलने बनवलेलं ‘जेलो’ हे अ‍ॅप मोफत आहे आणि मराठीतही चालतं. त्याच्या कडेला भाव सांगणारी सहा बटणं आहेत : आवडतं-आवडत नाही, हो-नाही, अजून-कमी. चित्राला ती जोडायची. ही रचना मला शहाणपणाची वाटते, कारण घरी केलेल्या तक्त्यांत बहुधा पाणी, जेवण, शू आणि झोप एवढंच असतं. एवढ्यावर माणूस मागणी करू शकतो, नकार देऊ शकत नाही, तक्रार करू शकत नाही, थट्टा तर नाहीच. ‘नाई’, ‘मायं’, ‘अजून’, ‘थांब’, ‘दुखून रायलं’, ‘त्यानं मारलं’ हे शब्द आधी हवेत. भाज्यांची चित्रं मागाहून आली तरी चालतील. आणि ते अल्लीपूरच्याच बोलीत हवेत. घरात सगळे ‘मले पायजे’ म्हणत असताना एकट्या त्याच्याच तक्त्याने ‘मला हवे आहे’ म्हणणं म्हणजे लेकराला स्वतःच्या घरात पाहुणा करणं.

फोनबद्दल एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. घरातला चांगला फोन बापाच्या खिशात असतो आणि बाप शेतात. मुलाचा आवाज दिवसभर वावरात फिरून संध्याकाळी घरी आला, तर त्याचा उपयोग काय? म्हणून यंत्र मिळो न मिळो, पुठ्ठा हवाच.

लिहितं होऊ शकणाऱ्या मुलासाठी तर आपल्याकडे आयती सोय पडून आहे, तिचा कुणी विचार करत नाही. फ्रेंच संपादक जाँ-दॉमिनिक बॉबी 1995 मध्ये पक्षाघाताने संपूर्ण लुळे झाले, एक डावी पापणी तेवढी हलत राहिली. त्यांच्यासाठी रोमन अक्षरं वापराच्या क्रमाने नव्याने मांडावी लागली. कुणीतरी ती एकेक म्हणायचं, हव्या त्या अक्षराला ते पापणी मिटायचे. असं पूर्ण पुस्तक झालं. आपल्या वर्णमालेला असं नव्याने मांडायची गरज नाही. ती मुळातच पाच ओळी आणि पाच रकान्यांची चौकट आहे : क, च, ट, त, प. कंठापासून ओठांपर्यंत, तोंडातल्या जागेप्रमाणे लावलेली. ज्यांचं तोंड ऐकत नाही त्यांच्याच ती इतकी उपयोगी पडावी, ही गंमतच. शिक्षकाने ओळींवरून बोट फिरवायचं, मुलाने डोळे वर करून ‘हो’ म्हणायचं. मग त्या ओळीतल्या अक्षरांवरून. ‘पाणी’ लिहायचं तर पाचवी ओळ पहिलं अक्षर, काना, तिसरी ओळ पाचवं अक्षर, दुसरी वेलांटी. अल्लीपूरच्या पोराने तिसऱ्या ओळीऐवजी चौथी निवडून ‘पानी’ लिहिलं तर पहिल्या दिवशी ते खोडू नये. शुद्धलेखन उद्या पाहता येईल. य, र, ल, व यांच्यासाठी खाली सहावी-सातवी ओळ आणि कडेला काना-मात्रा-वेलांट्या. एका फळ्यावर सगळं मावतं.

आता एक आक्षेप उरतो, आणि तो मी खोडणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. बोट मुलाचं, पण बोलतंय कोण? 1990 च्या सुमारास मुलाचा हात किंवा मनगट धरून टंकवून घेण्याची एक पद्धत अमेरिकेत पसरली. न बोलणारी मुलं अचानक कविता लिहू लागली, घरच्यांवर गंभीर आरोपही करू लागली. मग चाचण्या झाल्या : मुलाला एक चित्र, मदतनिसाला दुसरं. लिहून आलं ते मदतनिसाने पाहिलेलं. तिथल्या वाचोपचारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने 2018 मध्ये या पद्धतीविरुद्ध पुन्हा स्पष्ट इशारा दिला. तेव्हा मनगट धरून घडवलेले चमत्कार आपल्याकडे कुणी घेऊन आलं तर संशय घ्यावाच. रेड्याने वेद म्हटल्याची कथा भक्तीच्या जागी शोभते, प्रगतिपुस्तकात नाही. पण या आक्षेपाचा रोख हात धरण्यावर आहे, तक्त्यावर नाही. मूल स्वतः बोट ठेवतं, स्वतः डोळे वळवतं, शिक्षकाला ठाऊक नसलेली गोष्टही सांगू शकतं, तिथे बोलणारा तोच. आणि कर्तेपणाचा एवढा विचार करणाऱ्यांनी तीच शंका घरच्या दुभाष्यावरही घ्यावी. ‘आम्हाले समजते त्याचं’, असं आई म्हणते तेव्हा बहुतेकदा ते खरं असतं. पण तिला समजतं ते तिच्या अंदाजाने, तिने विचारलेल्या प्रश्नांच्या मर्यादेत. तिने जे विचारलंच नाही, ते तो सांगणार कसा? आणि आई वर्गात नसते, दवाखान्यात कदाचित दाराबाहेर असते, आणि कायमची तर नसतेच.

पुठ्ठा भिंतीवर टांगून मात्र काही होत नाही. बोलणारं मूल पहिला शब्द उच्चारण्याआधी वर्षभर घरच्यांचं बोलणं ऐकत असतं. तक्त्यावरच्या मुलाने तक्त्याने बोललेलं कुणाला पाहिलेलंच नसतं. महिनाभरात त्याने वापरला नाही की आपण निकाल देतो, ‘दिला होता, जमला नाही.’ बाईंनी ‘चला, बाहेर’ म्हणताना स्वतः ‘बाहेर’वर बोट ठेवायला हवं, रोज, मुलाकडून उत्तराची अपेक्षा न धरता. प्रश्न विचारल्यावर थांबायलाही हवं. तीस पोरांच्या वर्गात हे थांबणं अवघड आहे हे मान्य, पण ते दुर्मीळ यंत्र मिळवण्याइतकं अवघड नाही.

आणि मग मोजमापाचा घोळ. 2021 मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत मोहिमेत तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द अर्थ समजून वाचावेत, असं उद्दिष्ट आहे. हे वाचन मोठ्याने व्हायचं असतं, शिक्षक घड्याळ लावून ऐकतात. न बोलणारं मूल मनात कितीही वाचत असलं तरी या कागदावर ते शून्य. त्याच्यासाठी दुसरी रीत शोधायला फार विद्वत्ता लागत नाही : उतारा मनात वाचू द्यावा, मग चार वाक्यांपैकी उताऱ्यातलं कोणतं ते तक्त्यावर दाखवू द्यावं, किंवा शिक्षकाने मुद्दाम एक शब्द चुकीचा वाचावा आणि त्याला ‘नाई’वर बोट ठेवू द्यावं. हे केल्यावर ते कसं तपासलं, हे शिक्षकाने शेऱ्याच्या रकान्यात लिहावं. केंद्रप्रमुख विचारतील, नमुन्यात तर असं कुठे नाही. नाहीच आहे. तेव्हा त्यांच्यापुढे 2016 च्या कायद्याचं कलम 17 ठेवावं आणि उतारा त्यांच्यादेखत पुन्हा वाचायला द्यावा.